भागुबाईच्या भिंतीवरचे वल्हे

मित्रांनो, वल्हे म्हटले की तुम्ही लगेच पाण्याकडे बघाल. तिकडे बघू नका, मी तिथे नाही. मी एक जुने वल्हे आहे खरे, पण माझा पत्ता भिंतीवरचा आहे. म्हसळ्याकडून येणारी खाडी जिथे रुंद होते, तिथल्या कोळीवाड्यात भागुबाईचे घर आहे. त्या घरात पलंगापासून दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर, दोन खांबांना आवळून मला आडवे बांधले आहे. वल्ह्याची ही काय जागा झाली, असे तुम्हाला वाटेल. मलाही पहिले काही दिवस तसेच वाटत होते.

माझा जन्म १९४७ सालचा. देश स्वतंत्र झाला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मी झालो, म्हणून मी स्वतःला त्या धामधुमीतलाच समजतो. भागुबाईचा नवरा आदल्या वर्षी तापाने गेला होता. घरात एक लहान होडी होती, चाळिशीत झालेला एक मुलगा होता आणि वल्ही कुजून गेली होती. भागुबाई नामा सुताराकडे गेली. त्याने तळ्याच्या बाजूचा साग आणून ठेवला होता. माझ्या लाकडात, पात्याच्या जरा खाली, एक मोठी गाठ होती. नामा म्हणाला, "ह्यो टाकून देतो, गाठीचा हाय." भागुबाई म्हणाली, "राहू दे. गाठीचा तो उजव्या हाताचा, असा ध्यानात राहील." त्या एका वाक्याने मी चुलीतून वाचलो.

तर मी उजव्या हाताचा, आणि बिनगाठीचा माझा भाऊ डाव्या हाताचा. मूठ खाली आणि पाते वर करून तिने मला दाराशी उभा केला, तेव्हा माझी गाठ बरोबर तिच्या कपाळाच्या मधोमध आली. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचे काम भरती-ओहोटीच्या हुकमाने चाले. भरती लागली की भागुबाई होडी लोटायची आणि चढत्या पाण्याबरोबर म्हसळ्याला जायची. होडीत सुके बोंबील, बारीक कोळंबीसारखा जवळा आणि कधी बोटाएवढी ताजी मांदेली असत. बंदराला लागली की पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारात चालत जायची आणि ओहोटी सुरू झाली की उतरत्या पाण्याबरोबर परत यायची. पाणी बरोबर असले म्हणून वल्हवायचे चुकत नाही. वाऱ्याने तोंड फिरवले की आम्हा दोघा भावांची आणि भागुबाईच्या दंडांची परीक्षा व्हायची. म्हसळ्याच्या बंदरावरचे लोक म्हणत, "भागुबाईच्या दंडात दोन पुरुषांचा जोर आहे." त्यातला निम्मा मान मी माझ्याकडे घेत असे. माझ्या मुठीवर तिच्या पंजाची खळी पडली होती, त्यामुळे मला तो हक्क होता असे मी धरून चालतो.

आणि तिचे जेवण? दुपारी होडीतच, भाकरीवर जवळ्याची चटणी किंवा भाजलेली मांदेली, डोक्यापासून शेपटीपर्यंत. काटा काढायला वेळ कुणाला होता. मोठे मासे विकायचे, बारके आपण खायचे, असा कोळीवाड्याचा जुना रिवाज. वर्षातून एकदा मुशी या लहान शार्क माशाच्या काळजाचे तेल काढून ती होडीला आणि आम्हाला चोळायची. त्या तेलाचा वास तुम्हाला मुळीच आवडणार नाही. मला मात्र तो आला की अंगात नवा जोर आल्यासारखे वाटे.

अशी तेरा वर्षे गेली. मुलगा शिवदास मोठा झाला, त्याचे रतनशी लग्न झाले आणि १९६० साली त्याने मोठी होडी घेऊन तिला इंजिन बसवले. ते इंजिन म्हणजे काय सांगू, पोटात दुखत असल्यासारखे दिवसभर कुंथते आणि धूर सोडते. पण सगळा कोळीवाडा ते बघायला आला. नव्याचे नऊ दिवस होतील असे मी म्हणत होतो, पण ते दिवस काही संपले नाहीत. आमची लहान होडी विकली गेली. माझा भाऊ एका लग्नाच्या जेवणावळीत भाताच्या चुलीत गेला. मी गाठीचा, लवकर पेटणार नाही म्हणून उरलो आणि घराच्या आढ्याला बांधला गेलो. गाठीने मला दुसऱ्यांदा वाचवले.

त्याच दिवशी शिवदास आईला म्हणाला, "आये, आता तू काय पन करायचा न्हाय. बस आनि खा."

मित्रांनो, शिवदास वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आईने वल्हवून वल्हवून त्याला वाढवले हे तो कधी विसरला नाही. आईला पाटी उचलू द्यायची नाही, उन्हात बसू द्यायचे नाही, वलांडीवर बोंबील वाळत घालू द्यायचे नाही, असे त्याने ठरवले. वलांडी म्हणजे बांबूंचा उंच मांडव; तिच्यावर बोंबील जोडीजोडीने लटकवतात. आत घरात तिला पलंग दिला. त्या पलंगावर ती बसली की बायका म्हणत, "भागू नशिबाची." भागुबाईलाही ते ऐकून बरे वाटायचे. एवढी वर्षे राबलेल्या माणसाला कोणी बस म्हटले तर कोणाला आवडणार नाही?

खाणेही बदलले. एकदा ती रतनला म्हणाली, "पोरी, जरा जवळ्याची चटणी दे मना." शिवदासने ऐकले. तो म्हणाला, "लोक काय बोलतील? इंजिनवाल्याची आये जवळा खाते?" मग तिच्यासाठी म्हसळ्याहून खारी आणि बटर येऊ लागले. चहा, साबुदाण्याची खीर, मऊ पेज. कधी मासा दिलाच तर रतन काटे काढून दोन बोटांएवढा तुकडा ताटात ठेवायची. काटा लागेल, दात दुखेल, पोटाला जड जाईल, अशी प्रेमाची कारणे होती. म्हण आहे ना, बसून खाल्ले तर डोंगर पुरत नाही. इथे डोंगर भरपूर होता, पण बसणारीच झिजत चालली होती.

हे मला कसे कळले? मी तिच्या पलंगाच्या बरोबर वर होतो. तिच्या पोटऱ्या सुकल्या, दंडाची कातडी सैल लोंबू लागली, पाठ पुढे वाकली. दिवाळीच्या आधी घर सारवायला मला दोन दिवस खाली काढून दाराशी उभा केला होता. भागुबाई माझ्याजवळ आली, मुठीवरून हात फिरवला आणि वर बघत राहिली. माझी गाठ तिच्या डोक्याच्याही वर बोटभर गेली होती.

"रतन, ह्या वल्हा वाढलाय काय?" तिने विचारले.

"आये, लाकूड मेल्यावर वाढतो काय कवा?" रतन हसली आणि मला परत वर बांधले. कोणी पुढचा विचार केला नाही. मी बोलू शकत असतो तर म्हणालो असतो, बायांनो, वल्हे तेवढेच आहे, म्हातारी चार बोटे कमी झाली आहे.

आणि खरे सांगायचे तर मीही कमी होत होतो. पाणी नाही, तेल नाही, वर चुलीचा धूर. माझ्या दांड्याला मधोमध एक बारीक भेग पडली होती.

१९६२ सालच्या उन्हाळ्यात भागुबाई पडली. वादळात नाही, होडीत नाही, डोक्यावर पाटी घेऊन नाही. रिकाम्या हाताने उंबरा ओलांडताना पाय अडखळला आणि ती डाव्या हातावर आपटली. मनगट मोडले. कोळीवाड्यातला बाळाजी हाड बसवण्यात वाकबगार होता. त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दीड महिन्यात मनगट चांगले जुळले. सगळ्यांना हायसे वाटले. पण हात सुटला तरी भागुबाई उठेना. तिने उठायचा प्रयत्न केला की गुडघे थरथरत आणि ती पुन्हा बसायची. शिवदास म्हणायचा, "कशाला उठतस? पडशील." थोड्याच महिन्यांत अशी वेळ आली की परसात जायचे तरी रतनने एका बाजूने आणि शेजारच्या गोदूबाईने दुसऱ्या बाजूने धरून न्यायचे. ज्या बाईने वाऱ्याविरुद्ध होडी ओढली, तिला न्हाणीपर्यंत उचलून नेत होते. भागुबाई मान खाली घालून जायची. एकदा परत येऊन पलंगावर टेकल्यावर ती रतनला म्हणाली, "मना बाकी काय नको. माझी मी परसात जाऊन आली, तेवढा पुरे."

मित्रांनो, तेव्हापासून मलाही दुसरे काही नको होते.

पुढच्या वर्षी देवीच्या लसी टोचायला म्हसळ्याचे डॉक्टर होडीने आमच्या कोळीवाड्यात आले. काम लवकर उरकले, पण पाणी उतरले होते आणि भरती येईपर्यंत होडी हलणार नव्हती. पाहुण्याला उपाशी ठेवणे कोळीवाड्यात बसत नाही. रतनने त्यांना घरी बोलावले आणि भाकरी, तळलेली मांदेली आणि जवळ्याची चटणी वाढली. डॉक्टर कुडुमकुडुम आवाज करत काट्यांसकट मांदेली खात होते. खाता खाता त्यांनी पलंगाकडे पाहिले. भागुबाईच्या पुढ्यात पेजेची वाटी होती.

"आजींना मासा चालत नाही?" त्यांनी विचारले.

"चालतो, पन काटा लागल म्हनून देत न्हाय," रतन म्हणाली.

डॉक्टर हात धुऊन आले. आधी त्यांनी मनगट पाहिले आणि हाड बसवणाऱ्याची तारीफ केली. मग म्हणाले, "आजी, हात न टेकता उठून दाखवा बघू."

भागुबाईने दोनदा जोर केला. तिसऱ्यांदा केला नाही. "हात बरा हाय डाक्तर," ती म्हणाली, "पाय माझा ऐकत न्हाय."

डॉक्टरांनी तिची पोटरी चाचपली, पाठीचे मणके बोटांनी मोजले आणि शिवदासला समोर बसवून घेतले. ते म्हणाले, "तुमच्या आईचा फक्त हात मोडला असे तुम्हाला वाटते. आतून दोन गोष्टी बरोबरच गेल्या आहेत. हाडे विरळ झाली आहेत आणि त्यांना धरून ठेवणारे मांस झडले आहे. मांस झडले म्हणून तोल जातो आणि हाड विरळ म्हणून पडले की मोडते. पुन्हा पडल्या तर मनगट मोडणार नाही, मांडीचे हाड मोडेल. त्यातून म्हातारे माणूस क्वचितच उठते."

शिवदासचा चेहरा उतरला. "म्हनून तर मी उठू देत न्हाय तिला," तो म्हणाला.

"तिथेच चुकते आहे. हाडाला भार लागतो, तेव्हा हाड राहते. मांसाला काम लागते, तेव्हा मांस राहते. पडेल म्हणून बसवून ठेवाल, तर एक दिवस नक्की पडेल."

शिवदासला ते पटले नव्हते, हे मला वरून दिसत होते. डॉक्टर निघायला उठले आणि पडवीत थबकले. तिथे एक पत्र्याचा डबा होता. "कसला वास हा?" त्यांनी विचारले.

"मुशीचा तेल हाय," शिवदास म्हणाला. "होडीला लावतो. न्हाय लावला तर फळ्या सुकतात, फुटतात."

"आणि आईला काय देता?"

शिवदासला कळेना. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की मुशीच्या काळजाचे स्वच्छ केलेले तेल दवाखान्यात बाटलीतून औषध म्हणून देतात आणि ते हाडांसाठीच असते. "डब्यातले नको. मी बाटली पाठवतो, रोज एक चमचा द्या. सकाळच्या उन्हात बसवा. बारके मासे काट्यांसकट, नाचणीची भाकरी, दूध, अंडे. आणि भिंतीला धरायला काहीतरी बांधा, म्हणजे त्या स्वतः उठतील." मग जरा थांबून म्हणाले, "होडी सुकू नये म्हणून दरवर्षी तेल देता. आई घरात सुकत होती, ती दिसली नाही का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. डॉक्टर भरतीबरोबर निघून गेले आणि शिवदास बराच वेळ त्या डब्याजवळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीला बांधायला बांबू शोधायला निघाला. रतन म्हणाली, "बांबू कशाला? वर वल्हा हाय ना." मला खाली काढले. शिवदासने करवत आणली. माझे पाते कापून दांडा सुटसुटीत करावा असे त्याच्या मनात होते. भागुबाई पलंगावरून म्हणाली, "कापू नको. माझा उजवा हात हाय तो." करवत परत गेली. तागाच्या दोरीने मला दोन खांबांना घट्ट आवळले, मूठ पलंगाकडे आणि पाते दाराकडे. भागुबाईने हात पुढे केला. जुन्या खळीत तिचा पंजा बरोबर बसला. पंजा हलका झाला होता, पण तोच होता.

पहिल्या दिवशी ती मला धरून दोनदा उठली आणि धापा टाकत बसली. रतन मोजायची. आठवड्याने चारदा झाले. दवाखान्यातून बाटली आली तेव्हा भागुबाईने वास घेतला आणि म्हणाली, "ह्यो तर होडीचा तेल. माझी होडी केली काय रे तुमी?" असे म्हणून ती हसली. त्या घरात तिला हसताना मी फार दिवसांनी पाहिले. जवळ्याची चटणी ताटात परत आली. लोकांनी काय म्हटले ते मला माहीत नाही. शिवदासनेही नंतर कधी विचारले नाही.

पण सगळे सरळ झाले असते तर गोष्ट कसली? विसाव्या दिवशी ती मला धरून दाराकडे चालली होती. माझ्या मध्यावर आली आणि तिचे गुडघे एकदम सैल पडले. सगळा भार तिने माझ्यावर टाकला. माझी भेग कडकन वाजली. आता मी मोडणार, ही पडणार आणि डॉक्टर म्हणाले होते ते मांडीचे हाड जाणार, असे मला वाटले. मी फार घाबरलो. सागाच्या अंगात जेवढे काही उरले होते तेवढे मी धरून ठेवले. भागुबाई लोंबकळली, पण तिने मूठ सोडली नाही. रतन धावत आली आणि तिला बसवले.

शिवदास समुद्रावरून आल्यावर त्याला हे कळले. तो दोरी सोडायलाच लागला. "बस झाला," तो म्हणाला. "आता कोन उठायचा न्हाय."

"दोरी सोडू नको," भागुबाई म्हणाली. "वल्हा सुकलाय, त्याचा काय दोष? डबा आन पडवीतला."

"आये, तू पडली असतीस."

"पडली न्हाय ना? मी बसून सुकली, ह्यो टांगून सुकला. दोघांना पन तेल लागल. तू आन डबा."

शिवदास डबा घेऊन आला. त्याने स्वतःच्या हाताने मला तेल चोळले, भेगेत मुरवले आणि तिच्यावर जाळ्याचा दोरा घट्ट गुंडाळला. चोळता चोळता तो मान खाली घालून म्हणाला, "मना वाटला, मी तुला सुखात ठेवला." भागुबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ठेवलास रे," ती म्हणाली. "पन जरा जास्त ठेवलास."

त्यानंतर मी पुन्हा वाजलो नाही. तिचे उठणे दहावर गेले. मला धरून ती दारापर्यंत, मग उंबऱ्यापर्यंत पोचली. एक दिवस रतन विहिरीवर गेली असताना ती एकटी परसात जाऊन आली आणि काहीच झाले नाही अशा चेहऱ्याने पलंगावर बसली. रतन आल्यावर तिने सांगितले. दोघी सासवा-सुना हसत बसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

१९६४ सालच्या थंडीतली गोष्ट. शिवदासची होडी सकाळी लागली. तो घरात आला आणि पलंग रिकामा. "आये," त्याने हाक मारली. उत्तर नाही. परसात बघितले, नाही. तो धावतच बाहेर गेला. दारातून मला वलांडी दिसते. तिथे उन्हात, पदर खोचून, भागुबाई उभी होती आणि हात वर करून बोंबलांच्या जोड्या लटकवत होती. खालच्याच बांबूवर, कारण वरचा आता तिच्या हाताला लागत नाही. शिवदास जवळ गेला. मला वाटले हा आता हात धरून तिला घरात आणणार. त्याने पायाशी ठेवलेल्या पाटीतले बोंबील उचलून तिच्या हातात द्यायला सुरुवात केली.

मित्रांनो, भागुबाई पहिल्यासारखी झाली असे मी खोटे सांगणार नाही. गेलेली चार बोटे परत आली नाहीत. पाटी डोक्यावर घेऊन म्हसळ्याचा बाजार आता नाही. पाठ वाकलेली आहे ती आहेच. पण जे उरले होते ते टिकले आणि तेवढ्यावर ती आपली आपण चालते. तुमच्या घरी कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांना जरूर बसायला पाट द्या, पण त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्यांच्या ताटात तुमच्या ताटाएवढेच कसदार अन्न वाढा. त्यांना उन्हात न्या, चालू द्या, आणि भिंतीला काहीतरी बांधून ठेवा. माया करताना एवढे बघा की माणूस सुकत तर नाही ना.

आता शेवटचे सांगतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची एक ठरलेली तक्रार असते, की आम्हाला आता कोणी हात लावत नाही. मलाही तीच सांगायची आहे. गेले आठ दिवस भागुबाईने मला धरलेले नाही. ती पलंगावरून उठते, पदर सारखा करते आणि माझ्या शेजारून दोन्ही हात मोकळे सोडून दाराबाहेर निघून जाते. कोणी दुर्लक्ष केले म्हणून इतका सुखावलेला दुसरा कोणी या कोळीवाड्यात नसेल.

तरी मी भिंतीवरच आहे. माझी दोरी सोडू नका, तिचा पाय कधी अडखळलाच तर मी हाताशी हवा.